साडेतीन वर्षांच्या मुलीला वाचनालयात न्यावं का? शाळेच्या तयारीला उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की मुलीला अजून अक्षरओळख नाही, आणि गावातल्या वाचनालयात चौकशी केली तर "वाचायला लागली की आणा" असं सांगितलं. हे उत्तर मला पाठ आहे. काही वर्षांपूर्वी आमच्याकडेही हेच सांगायचे, आणि सांगणाऱ्यांत मीही होते.

मी खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी 'ब' वर्गाच्या (सरकारी वर्गवारीत दुसऱ्या पायरीच्या) वाचनालयात काम करते. तेव्हा बालविभाग म्हणजे दोन लोखंडी कपाटं, त्यांना कुलूप आणि किल्ली माझ्या खणात. पुस्तकं फाटू नयेत म्हणून कुलूप. लहानांची चित्रांची पुस्तकं सोळा-चोवीस पानांची, टाचण्या मारलेली. कपाटात उभी केली की त्यांची पाठ दिसतच नाही, त्यामुळे अशी पुस्तकं आहेत हे कुणाला कळायचंही नाही. वर आम्ही ती बायंडरकडे देऊन जाड पुठ्ठ्यात बांधून घ्यायचो. त्याच्या शिलाईत दोन पानांवर पसरलेल्या चित्राचा मधला भाग गडप. हत्ती असायचा, सोंड नसायची.

मग एक आजोबा रोज पेपर वाचायला येताना चार वर्षांच्या नातवाला आणू लागले. तो टेबलावरचे पेपर ओढायचा. त्याला गप्प बसवायला म्हणून मी कपाट उघडलं. बालशिक्षणाचा वगैरे विचार तेव्हा डोक्यात नव्हता. आज भिंतीला दोरी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी पुस्तकं मुखपृष्ठ दिसेल अशी टांगलेली असतात, आणि शनिवारी सकाळी पाऊण तास गोष्ट असते.

आता तुमचा प्रश्न. उपयोग होतो, पण तो अ-आ-ई शिकण्याचा नाही. पुस्तक सुलट कसं धरायचं, पान कुठून उलटायचं, ओळ डावीकडून सुरू होते, हे मुलाला कुणी शिकवत नाही. मांडीवर बसून बघताना ते कळत जातं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे छापलेलं बदलत नाही हे समजणं. तिसऱ्यांदा तीच गोष्ट वाचताना मी मुद्दाम एक शब्द बदलते. लगेच आरडाओरडा होतो. एकही अक्षर न येणारी पोरं मला सांगतात की "तिथं असं नाही लिहिलेलं". पहिलीच्या बाईंना याच्यापेक्षा चांगली पायाभरणी कोणती हवी?

दुसरं भाषेचं. आमच्याकडे बऱ्याच घरांत अहिराणी बोलतात. घरी मुलगी म्हणजे आंडेर आणि मुलगा म्हणजे आंडोर. शाळेच्या पुस्तकातली मराठी या मुलांना पहिल्या दिवशी परकी वाटते आणि ती गप्प बसतात. मग "मुलाला काही येत नाही" असा शिक्का बसतो. म्हणून मी गोष्ट आधी छापलेली वाचते आणि मग अहिराणीत सांगते. दुसऱ्या खेपेला हशा जास्त असतो. दोन्ही बोली एकाच गोष्टीला चालतात हे कानावर पडलं की वर्गात तोंड उघडायला भीती कमी वाटते, असा माझा अनुभव आहे.

एक गंमत सांगते. शब्द तोडून टाळ्या वाजवायचा खेळ आम्ही खेळतो. 'कमळ' म्हटलं की मुलं दोन टाळ्या वाजवतात, क-मळ. मागे बसलेल्या आया दुरुस्त करतात, "तीन, तीन!" मुलांचं बरोबर असतं, कारण ती ऐकतात. आया मनातल्या मनात अक्षरं मोजत असतात. हा ऐकणारा कान पुढे वाचायला लागताना कामाला येतो, तेव्हा तो दुरुस्त करायची घाई करू नका. बडबडगीतांचा फायदाही तोच.

पाटी घेऊन येणारे पालकही असतात. "तेवढ्यात जरा गिरवून घ्या ना, पुढच्या वर्षी प्रवेश आहे." मी नाही म्हणते. गिरवून घ्यायला सगळं जग बसलंय.

खरं तर या तासात शिकतात ते पालकच. अमेरिकेतल्या ग्रंथालयांनी २००४ पासून शाळापूर्व मुलांसाठी एक उपक्रम चालवला आणि २०११ मध्ये त्याची नवी आवृत्ती काढली. त्याचा रोख मुलांपेक्षा आईवडिलांवर आहे. बोला, गा, वाचा, लिहा, खेळा, एवढ्या पाच गोष्टी घरी करा असं त्यात सांगतात. वाचनालयाचा तास आठवड्यातून एकदा आणि घर रोजचं, हे त्यामागचं साधं गणित. इथेही, गोष्ट वाचताना मध्ये थांबून "आता काय होईल?" असं विचारायचं आणि उत्तराची वाट बघायची, एवढंच आया बघून उचलतात. वाट बघणं अवघड जातं. आपणच उत्तर देऊन टाकतो.

मूल वाचनालयात येत नसेल तर? बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला काम सुरू केलं, तेव्हा मुलं बालवाडीत येईनात म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली होती. आम्ही तेवढे मोठे नाही. पण एका पत्र्याच्या पेटीत वीस पुस्तकं घालून ती दर महिन्याला जवळच्या अंगणवाडीत फिरवतो. पहिल्या वर्षी चार फाटली आणि एक परत आलं नाही. कार्यकारी मंडळात त्यावर तासभर चर्चा झाली. शेवटी फाटलेलं पुस्तक म्हणजे उघडलेलं पुस्तक असं एका सभासदांनी म्हटलं आणि विषय मिटला.

तुम्ही आता काय कराल? मुलीच्या नावाने नाही, स्वतःच्या नावाने सभासद व्हा. त्याला कुणी हरकत घेणार नाही. बालविभागाचं कपाट उघडायला सांगा आणि तिला जमिनीवर बसून निवडू द्या. तेच पुस्तक चार वेळा घेतलं तरी घेऊ द्या. पहिले काही आठवडे शेजारी बसा, नंतर दोन हात लांब, मग व्हरांड्यात. शाळेच्या पहिल्या दिवसाची रंगीत तालीम अशीच होते. पुस्तकं फारच कमी असतील तर 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी चित्रगोष्टी फुकट मिळतात. त्या छापून घेता येतात, पण फोन मुलीच्या हातात देऊन मोकळं होऊ नका.

ग्रंथपालांना आणखी दोन-तीन आया जमवून भेटा. एकटीला "बघू" म्हणतात, चौघींना वेळ देतात. आणि जाताना घरून चटई न्या, फरशी थंड असते.