टॉम आणि डेझी : निष्काळजी, बेफिकीर की आणखी काही?

ठाण्यातल्या आमच्या वाचकगटातल्या एका ताईंनी विचारलंय : फिट्झजेराल्डच्या 'द ग्रेट गॅट्सबी'त (१९२५) टॉम आणि डेझी या श्रीमंत जोडप्याला निवेदक निक शेवटी 'केअरलेस' म्हणतो. मराठीत 'निष्काळजी' लिहिलं तर फार सौम्य वाटतं. 'बेफिकीर' चालेल का?

ताई, सौम्य वाटतं ते बरोबरच आहे. काळजी आपण 'करतो', आपल्याला ती 'वाटते' आणि आपण ती 'घेतो'. 'निष्काळजी'त नकार येतो तो फक्त 'घेण्या'ला. गॅस चालू ठेवून बाहेर गेलेला माणूस निष्काळजी. डेझी तिच्या जुन्या प्रियकराची, गॅट्सबीची, गाडी चालवताना टॉमच्या प्रेयसीला, मर्टलला, उडवते आणि थांबत नाही. गाडी कुणाची, हे टॉम मर्टलच्या नवऱ्याला सांगतो, आणि तो नवरा जाऊन गॅट्सबीला गोळी घालतो. अंत्यविधीच्या वेळी हे दोघं पत्ताही न ठेवता गावाबाहेर गेलेले असतात. याला निष्काळजीपणा कसं म्हणायचं? स्वतःची काळजी तर त्यांनी चोख घेतली.

'बेफिकीर' मला नको वाटतो. त्यात थोडं कौतुक मिसळलेलं असतं, कॉलेजातली पोरं बेफिकीर असतात. 'बेपर्वा' बराच जवळ येतो, कारण पर्वा माणसांची असते.

पण मी 'बेदरकार' घेईन. हाच इंग्रजी शब्द कादंबरीत आधीही येऊन गेलाय, तिसऱ्या प्रकरणात. डेझीची मैत्रीण जॉर्डन मजुरांच्या इतक्या जवळून गाडी काढते की मडगार्ड एकाच्या कोटाच्या बटणाला चाटून जातं. निक रागावतो, तर ती म्हणते, बाकीचे सांभाळून चालवतात ना. वर, आपल्याला केअरलेस माणसं आवडत नाहीत, असंही सांगते. गाडीसाठी आलेला शब्द शेवटी पैशावर येऊन बसतो. अनुवादात दोन्हीकडे एकच शब्द हवा, नाहीतर हा धागा तुटतो. 'बेदरकारपणे वाहन चालवून' हे तर आपण बातम्यांत रोज वाचतो. आणि दरकार म्हणजे मुळात गरज. फारसीतून आलेला हा शब्द मराठीत 'पर्वा' या अर्थानं रुळला. ज्याला कुणाची गरज नाही त्याला कुणाची पर्वा नाही, हे या एका शब्दात मावतं, आणि ती गरज संपवतो तो पैसा.

गेल्या पावसाळ्यात माजिवड्याच्या सिग्नलला एका मोठ्या गाडीनं माझ्या रिक्षाचा आरसा मोडला. काच दोन बोटं खाली आली, पाचशेची नोट बाहेर आली, काच वर. रिक्षावाले काका घोडबंदर रोडभर तेच बोलत होते, "पैसे दिले हो, पण बघितलंसुद्धा नाही माझ्याकडं."

म्हणून निकचं वाक्य मी असं करीन : 'बेदरकार माणसं होती ती, टॉम आणि डेझी.' त्यांनी केलेला पसारा दुसऱ्यांच्या वाट्याला येतो, तिथे 'साफ करणं' मात्र लिहू नका. 'निस्तरणं' लिहा. त्यात आवरणंही आहे आणि भोगणंही, आणि गॅट्सबीच्या वाट्याला दोन्ही आलं.