"दोन आया" शिकवणारेत, मुलाला त्या तासाला बसवू का?

या महिन्यात परदेशातल्या वाचकांची बरीच पत्रं एकाच विषयावर आलीत, प्राथमिक शाळेत गे-लेस्बियन कुटुंबांबद्दल शिकवतात त्याचं घरात काय करायचं. तीन पत्रं घेतलीत. पहिल्याला जास्त जागा दिलीये कारण बाकीच्यांचे बरेचसे प्रश्न त्यातच येऊन जातात.

प्रश्न: ताई नमस्कार. आम्ही बर्मिंगहॅमला असतो, मुलगा सहा वर्षांचा, इयर टूमध्ये आहे. आमच्याकडे माळ आहे, एकादशी पाळतो, संध्याकाळी हरिपाठ होतो. मागच्या आठवड्यात शाळेचा मेल आला की पुढच्या टर्मला रिलेशनशिप्स एज्युकेशनमध्ये वेगवेगळ्या प्रकारची कुटुंबं शिकवणार, त्यात दोन आया किंवा दोन बाबा असलेलीही. तेव्हापासून पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसता गोंधळ चाललाय, कोणी म्हणतं मुलांना सेक्स शिकवणार, कोणी म्हणतं मुलग्यांना फ्रॉक घालायला लावणार, एका आईने पिटिशन काढलंय आणि त्या दिवशी सगळ्यांनी मुलं घरी ठेवायची असं ठरतंय. सासूबाई सध्या सांगलीहून आल्यात, त्या म्हणतात आपल्यात असलं कधी नव्हतं, काढून घे त्याला त्या तासातून. मिस्टर म्हणतात तू ठरव. मला कोणाचा द्वेष करायचा नाहीये पण आमच्या श्रद्धेचं काय? — एक आई

उत्तर: आधी कायद्याचं सांगते म्हणजे ग्रुपवरचा अर्धा गोंधळ बाजूला होईल. इंग्लंडमध्ये सप्टेंबर 2020 पासून प्राथमिक शाळांना रिलेशनशिप्स एज्युकेशन कम्पल्सरी आहे, आणि त्यातून मुलाला काढून घ्यायचा हक्क पालकांना नाही. सेक्स एज्युकेशन वेगळं, ते प्राथमिकला कम्पल्सरी नाहीये, एखादी शाळा शिकवत असेल तर सायन्समधला भाग सोडून बाकीच्यातून तुम्ही मुलाला काढू शकता, शाळा अडवू शकत नाही. म्हणजे "सेक्स शिकवणार" म्हणून जे फॉरवर्ड फिरतंय ते या तासाबद्दल नाहीच आहे. तुमचा खरा हक्क दुसरा आहे आणि तो वापरायचं कोणाच्या डोक्यात येत नाही. शाळेने पॉलिसी करताना पालकांशी बोललंच पाहिजे, ती पॉलिसी वेबसाइटवर ठेवलीच पाहिजे, आणि वर्गात काय दाखवणार ते तुम्ही बघायला मागू शकता. जुलै 2025 मध्ये सरकारने नवीन गाइडन्स काढली, सप्टेंबर 2026 पासूनची, तिच्यात हे साहित्य पालकांना दाखवायचं अजून ठासून सांगितलंय. तेव्हा पिटिशनवर सही करायच्या आधी शाळेत फोन करा आणि म्हणा मला ती पुस्तकं बघायचीत. सासूबाईंनाही घेऊन जा, खरंच.

काय असतं त्या पुस्तकांत? तुमच्याच शहरातल्या पार्कफील्ड शाळेत अँड्र्यू मॉफॅट नावाच्या शिक्षकांनी "नो आउटसायडर्स" नावाचा कार्यक्रम चालवला होता, त्यातल्या एका चित्रांच्या पुस्तकाचंच सांगते. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्क झूमध्ये दोन नर पेंग्विन जोडीने राहायचे, त्यांना दुसऱ्या जोडीचं अंडं दिलं, त्यांनी ते उबवलं आणि पिल्लू मोठं केलं, खरी घडलेली गोष्ट. एवढंच. त्या कार्यक्रमातली बहुतेक पुस्तकं तर या विषयावर नव्हतीच, रंग, अपंगत्व, परक्या देशातून आलेलं मूल, म्हातारपण असं सगळं होतं, कारण आधार 2010 च्या इक्वॅलिटी ॲक्टचा, म्हणजे समानतेच्या कायद्याचा होता. आणि हे नीट लक्षात घ्या, त्या कायद्यात नऊ गोष्टी आहेत ज्यावरून कोणाला वेगळी वागणूक द्यायची नाही, त्यात लैंगिक कल आहे तसा धर्मही आहे. तुमच्या मुलाला त्याच्या गळ्यातल्या माळेवरून शाळेने वेगळं वागवलं तर आधार याच कायद्याचा आहे. एकाच यादीतलं आपल्या सोयीचं तेवढं हवं आणि बाकीचं नको, हे मला तरी पटत नाही.

2019 मध्ये काय झालं ते तुम्ही तिथे नसाल तर सांगते. पार्कफील्डमध्ये जवळजवळ सगळी मुलं मुस्लिम घरातली. जानेवारीपासून काही पालकांनी गेटवर निदर्शनं सुरू केली, मार्चमध्ये एक दिवस शेकडो मुलं घरी ठेवली, शाळेने शेवटी ते धडे थांबवले. ऑफस्टेड, म्हणजे शाळा तपासणारी सरकारी संस्था, येऊन तपासून गेली, त्यांना धडे वयाला धरूनच वाटले. मग पालकांशी बरीच बोलणी होऊन बदल करून जुलैमध्ये कार्यक्रम परत सुरू करायचं ठरलं. त्याच वर्षी मॉफॅट ग्लोबल टीचर प्राइझच्या शेवटच्या दहांत होते (पुढच्या वर्षी ते बक्षीस आपल्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींना मिळालं). दुसरी शाळा अँडर्टन पार्क, तिथे प्रकरण जास्त चिघळलं, गेटवर लाऊडस्पीकर, घोषणा. कौन्सिल, म्हणजे तिथली महापालिका, हायकोर्टात गेली आणि नोव्हेंबर 2019 मध्ये जज वॉर्बी यांनी शाळेभोवतीच्या भागात निदर्शनांना कायमची बंदी घातली. निकालात त्यांनी हेही म्हटलं की शाळेत जे शिकवतात त्याचं चुकीचं चित्र रंगवलं गेलं होतं. तुमच्या ग्रुपवर फ्रॉकचा मेसेज फिरतोय ना, तसंच.

पण त्या पालकांना अडाणी म्हणून मोकळं होणं मला मान्य नाही. त्याच भागात 2014 मध्ये "ट्रोजन हॉर्स" प्रकरण झालं होतं, एका निनावी पत्रावरून तिथल्या शाळा कट्टरपंथी ताब्यात घेतायत असा बोभाटा झाला, आणि सगळ्या वस्तीकडे संशयाने बघितलं गेलं. त्यानंतर सरकार "मूल्यं" शिकवायला आलं की लोकांना वाटतं आमची पोरं सुधारायला आलेत. शाळेने आधी विश्वासात घेतलं नाही ही तक्रार तर मला रास्तच वाटते. शुक्रवारी संध्याकाळी एक मेल टाकून द्यायचा आणि सोमवारी पालक भडकले की म्हणायचं हे लोक मागासलेले, हे बरोबर नाही. तुमच्या शाळेने नुसता मेल टाकला असेल तर हेडटीचरना स्पष्ट सांगा की मीटिंग घ्या, पुस्तकं टेबलावर मांडा, प्रश्न विचारू द्या.

मी स्वतः लेस्टरला प्राथमिक शाळेत शिकवलंय. एकदा पाच-सहा वर्षांची मुलं "माझं घर" काढत होती, एका मुलीने दोन बायका काढल्या, दोघींना हिरवे रेनकोट, मध्ये स्वतः आणि मांजर. शेजारचा मुलगा रबर घेऊन त्यातली एक बाई खोडायला लागला. भांडण नव्हतं काही, तो तिला मदत करत होता, म्हणाला मिस हिचं चुकलंय, आई एकच असते. ती मुलगी काहीच बोलली नाही, कागदावर हात ठेवून बसली. त्याला कोणी वाईट शिकवलेलं नव्हतं, कोणी काहीच शिकवलेलं नव्हतं एवढंच. या तासाचं काम मला विचाराल तर तेवढंच आहे, की त्या मुलाने रबर खाली ठेवावं. त्याने काय मानावं, मोठेपणी कोणाशी लग्न करावं, हे शाळा सांगत नाही आणि सांगूही नये.

आता सासूबाईंचं "आपल्यात असलं कधी नव्हतं". होतं हो. रघुनाथ धोंडो कर्वे "समाजस्वास्थ्य" काढायचे, त्यात वाचक असलेच प्रश्न विचारायचे आणि ते सरळ उत्तरं द्यायचे, 1934 मध्ये त्या उत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, आणि त्यात समलिंगी संबंधांबद्दलचा प्रश्नही होता. कोर्टात त्यांची बाजू मांडली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरले, दंड भरला, पण नव्वद वर्षांपूर्वी मराठी माणसं हे विचारत होती याचा तो पुरावाच आहे. उलट ज्या 377 कलमाने हा गुन्हा ठरला ते इंग्रजांनी 1860 च्या दंडविधानात आणलं आणि आपल्या सुप्रीम कोर्टाने 6 सप्टेंबर 2018 ला प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते काढून टाकलं. इंग्लंडही काही पहिल्यापासून असं नव्हतं, 1988 ते 2003 इथे सेक्शन 28 होतं, कौन्सिलच्या शाळांतून समलिंगी कुटुंबाला खरं कुटुंब म्हणून शिकवायलाच मनाई. त्या काळात शाळेत असलेली मुलं आज तुमच्या मुलाचे शिक्षक आहेत, यातली कित्येक मुलं चिडवणं सोसून गप्प राहिली कारण बोलायला शिक्षकच घाबरायचे.

आणि श्रद्धेचं. तुम्ही माळकरी आहात म्हणून मुद्दाम आठवण करून देते, 1947 मध्ये साने गुरुजी पंढरपूरला उपोषणाला बसले, विठोबाचं मंदिर हरिजनांना, त्या वेळचा शब्द, उघडं व्हावं म्हणून. तेव्हा धर्म बुडेल म्हणणारी माणसं वाईट नव्हती, रोज पूजा करणारी, देवाला भिणारी होती. मंदिर उघडलं. वारी चालूच आहे. तुमच्या घरातला हरिपाठ एका पेंग्विनच्या पुस्तकाने बंद पडणार नाही, आणि इतका कच्चा असेल असं मला तुमच्या पत्रावरून वाटत नाही. मुलगा घरी येऊन विचारेल, "आई, कोणाला दोन आया असतात का?" तर म्हणा हो असतात काही जणांना, आणि त्या मुलांशी आपण नीट वागायचं. "आपल्या घरी काय मानतात?" विचारलं तर तुम्ही जे मानता ते सांगा, लपवू नका. फक्त ते सांगताना दुसऱ्याच्या घराला घाण म्हणू नका. शक्यता ही पण धरा की उद्या तुमचाच मुलगा गे असेल, आणि सहाव्या वर्षी तुमच्या तोंडून जे ऐकेल ते सोळाव्या वर्षी त्याला आठवेल.

त्या दिवशी मुलाला शाळेत पाठवा. पिटिशनवाल्या आईशी भांडू नका, तिला म्हणा चल आपण दोघी पुस्तकं बघायला जाऊ, मग ठरव.

प्रश्न: आम्ही अमेरिकेत मेरीलँडला मॉन्टगोमेरी काउंटीत राहतो, मुलगी सेकंड ग्रेडला. शाळेत गे-लेस्बियन पात्रं असलेली गोष्टींची पुस्तकं वाचतात, आता इथल्या सुप्रीम कोर्टानेच पालकांना ऑप्ट-आउट, म्हणजे मुलाला त्यातून बाहेर ठेवायची सूट, दिलाय म्हणतात, तर घ्यावा का? मंडळातले बरेच जण घेतायत. — एक बाबा

उत्तर: निकाल 27 जून 2025 चा, महमूद विरुद्ध टेलर, सहा विरुद्ध तीन. काउंटीने आधी या पुस्तकांपासून सूट दिली होती, मार्च 2023 मध्ये ती बंद केली, म्हणून मुस्लिम, कॅथलिक आणि युक्रेनियन ऑर्थोडॉक्स पालक कोर्टात गेले. (आपल्याकडचे काही जण हा "त्यांचाच" प्रॉब्लेम म्हणतात, तर बघा कोण कोण होतं.) कोर्टाने म्हटलं खटला चालू असेपर्यंत ही पुस्तकं वाचायच्या आधी पालकांना कळवा आणि धार्मिक कारणाने कोणाला मूल बाहेर ठेवायचं असेल तर ठेवू द्या. पुस्तकं काढून टाका असं कोर्टाने म्हटलेलं नाहीये.

म्हणजे इंग्लंडपेक्षा उलट, तुम्हाला हक्क आहे. हक्क आहे म्हणून वापरायलाच पाहिजे असं कुठेय? मला सूट मिळण्याला विरोध नाही, ज्यांची श्रद्धा खरंच आड येते त्यांच्यावर सरकारने जबरदस्ती करावी असंही वाटत नाही. पण तुमच्या पत्रात श्रद्धेचं एक अक्षर नाही, "मंडळातले घेतायत" एवढंच आहे. सगळे घेतायत म्हणून मुलीला वर्गातून उठवून लायब्ररीत बसवणार, ती विचारणार मला का बाहेर पाठवलं, आणि तुम्हाला उत्तर द्यावं लागणार. ते उत्तर आधी स्वतःशी नीट म्हणून बघा. तिच्या वर्गात दोन बाबा असलेलं एखादं मूल असेल तर ते त्या दिवशी बघणार कोण कोण उठून गेलं. शाळेकडून नोटीस येईल तेव्हा ते पुस्तक आधी लायब्ररीतून आणा, मुलीसोबत घरी वाचा, मग फॉर्म भरायचा का ते बघा.

प्रश्न: मी आणि माझा नवरा लंडनजवळ राहतो, दोघंही पुरुष, मी मूळचा नाशिकचा. आमची दत्तक मुलगी सप्टेंबरमध्ये रिसेप्शनला, म्हणजे इथल्या शाळेच्या पहिल्या वर्गात, जाईल आणि रविवारच्या मराठी शाळेतही घालायचीये. फॉर्मवर "आईचे नाव" असा रकाना आहे. ऑफिसमधले लोक म्हणतात इंग्रजी शाळेत काही होणार नाही, मला भीती मराठी शाळेचीच वाटतेय. घालू का? — एक बाबा

उत्तर: घाला. इंग्लंडमध्ये समलिंगी जोडप्याला मिळून दत्तक घ्यायचा हक्क 2005 च्या शेवटापासून आहे आणि लग्नाचा 2014 पासून, तुमचं कुटुंब कागदोपत्री पक्कं आहे, कोणाची मेहेरबानी नको. पण एवढ्याशा मुलीला पहिल्याच रविवारी "तुझी आई कुठे" ऐकायला लागू नये म्हणून आधी तुम्ही दोघं जाऊन वर्ग घेणाऱ्या बाईंना भेटा. ती तुमच्यातल्या कोणाला बाबा म्हणते आणि कोणाला काय, ते सांगा, मुलांनी विचारलं तर बाईंनी काय उत्तर द्यायचं तेही ठरवून टाका, "हिला दोन बाबा आहेत" एवढं पुरतं, मुलं पुढे खेळायला लागतात. वरची दोन पत्रं वाचलीत तर लक्षात येईल की प्रश्न मुलांना नाही पडत, आम्हा मोठ्यांना पडतो. दिवाळीच्या कार्यक्रमाला दोघंही या, एक जण घरी राहू नका.

फॉर्मवर "आईचे नाव" खोडून "पालक" लिहा आणि दोघांची नावं घाला, सोबत कमिटीला एक मेल टाका की पुढच्या वर्षीपासून रकाना बदला. एकट्या आया, एकटे बाबा, आजी-आजोबा सांभाळतात ती मुलं, या सगळ्यांना तो रकाना अडतोच, त्यांनाही सोबत घ्या म्हणजे मेलवर एकट्याचं नाव राहणार नाही. उत्तर आलं नाही तर मला कळवा, मी पण लिहीन.