दयेचा अर्ज : मुदत कुणाला आणि किती?

प्रश्न : फाशीची शिक्षा झालेल्या कैद्याने दयेचा अर्ज तीस दिवसांत करावा, अशी तरतूद नव्या फौजदारी कायद्यात असल्याचे वाचनात आले. मुदत उलटली तर दया मागण्याचा हक्कच संपतो का? आणि दयेच्या अर्जावरील निर्णयाविरुद्ध आता न्यायालयात जाता येणार नाही, हे खरे आहे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपण वाचलेली तरतूद खरी आहे. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि तिच्या कलम ४७२ मध्ये फाशीच्या कैद्यांच्या दयेच्या अर्जाची कार्यपद्धती आली. जुन्या संहितेत असे कलम नव्हते. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सूचना आणि राज्यांचे कारागृह नियम यांवरच काम चाले, आणि त्या सूचनांप्रमाणे कैद्याला अवघे सात दिवस मिळत. त्यामुळे तीस दिवस ही वाढच आहे, हे मान्य केले पाहिजे.

हे तीस दिवस निकालाच्या तारखेपासून मोजायचे नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने अपील किंवा पुनर्विलोकन अर्ज फेटाळल्याचे कारागृह अधीक्षक कैद्याला ज्या दिवशी कळवतील, त्या दिवसापासून ते सुरू होतात. उच्च न्यायालयाने फाशी कायम केल्यावर सर्वोच्च न्यायालयात जाण्याची मुदत अपील न करताच संपली असेल, तर तेव्हाही अधीक्षकांनी कळवल्याची तारीखच धरायची. म्हणून कैद्याने आणि त्याच्या घरच्यांनी पहिल्यांदा काय करावे, तर निकाल कोणत्या तारखेला कळवला गेला याची लेखी नोंद मागून घ्यावी. पुढचा सगळा हिशेब त्या एका तारखेवर चालतो. अर्ज कैदी स्वतः, त्याचा कायदेशीर वारस किंवा अन्य नातेवाईक करू शकतो. अर्ज आधी राज्यपालांकडे केला असेल, तर त्यांनी तो फेटाळल्यापासून साठ दिवसांत राष्ट्रपतींकडे जाता येते. एकाच खटल्यात अनेकांना फाशी झाली असेल, तर प्रत्येकाने साठ दिवसांत अर्ज केला आहे की नाही हे पाहण्याची जबाबदारी अधीक्षकांवर आहे. जे अर्ज करणार नाहीत, त्यांच्या प्रकरणाची कागदपत्रेही इतरांच्या अर्जासोबत सरकारकडे पाठवायची आहेत, आणि राष्ट्रपतींनी सर्वांच्या अर्जांवर एकत्रच निर्णय घ्यायचा आहे.

आता सरकारला किती मुदत आहे, ते पाहू. राज्य सरकारचे अभिप्राय आणि कारागृहाकडील कागदपत्रे हाती आल्यापासून साठ दिवसांत केंद्र सरकारने राष्ट्रपतींकडे शिफारस करायची आहे, आणि राष्ट्रपतींचा आदेश मिळाल्यावर तो अठ्ठेचाळीस तासांत राज्याच्या गृह विभागाला व अधीक्षकांना कळवायचा आहे. पण राज्याने आपले अभिप्राय किती दिवसांत द्यावेत, राज्यपालांनी किती दिवसांत निर्णय घ्यावा, राष्ट्रपतींनी किती दिवसांत घ्यावा, याबद्दल कलम काहीच सांगत नाही. माझ्या मते या कलमाची सर्वांत मोठी उणीव हीच आहे, कारण आपल्या राज्यातल्या दोन गाजलेल्या प्रकरणांत विलंब झाला तो कैद्यांकडून नव्हे, तर सरकार दरबारी झाला.

पहिले प्रकरण आपल्याच जिल्ह्यातले आहे. बालकांचे अपहरण आणि हत्या यांबद्दल दोन बहिणींना झालेली फाशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये कायम केली होती, आणि राष्ट्रपतींनी दयेचे अर्ज २०१४ मध्ये फेटाळले. सात वर्षांहून अधिक झालेल्या या विलंबाचे कोणतेही पटण्याजोगे कारण सरकारला देता आले नाही, म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये त्यांची फाशी रद्द करून जन्मठेप दिली. संपर्काची इलेक्ट्रॉनिक साधने हाताशी असताना केवळ अधिकाऱ्यांच्या बेफिकिरीमुळे फाइल रखडली, यावर न्यायालयाने तेव्हा नेमके बोट ठेवले. दुसरे प्रकरण पुण्याचे. २००७ मध्ये एका तरुण कर्मचारी महिलेवर बलात्कार करून तिचा खून करणाऱ्या दोघांचा दयेचा अर्ज राष्ट्रपतींनी मे २०१७ मध्ये फेटाळला, पण फाशीचे वॉरंट निघायला एप्रिल २०१९ उजाडला. मधल्या काळात कारागृहाने सत्र न्यायालयाला पत्रे पाठवूनही हालचाल झाली नव्हती. उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ही फाशी पस्तीस वर्षांच्या कारावासात बदलली आणि सर्वोच्च न्यायालयाने ९ डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय कायम केला. मृत्यूच्या छायेत वर्षानुवर्षे ताटकळत ठेवणे ही कैद्याच्या दृष्टीने क्रूरता आहेच. पण ज्यांची लेकरे गेली त्या कुटुंबांनाही खटल्याचा शेवट पाहण्यासाठी तितकीच वर्षे थांबावे लागते आणि अखेर निकाल बदलतो तो गुन्ह्याच्या विचाराने नव्हे, तर रखडलेल्या फाइलमुळे, हे मला अत्यंत क्लेशदायक वाटते.

पुण्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना दिलेले निर्देश कलमातली ही पोकळी काही अंशी भरून काढतात. दयेच्या अर्जांसाठी गृह किंवा कारागृह विभागात स्वतंत्र कक्ष असावा, अर्ज येताच कैद्याची सर्व माहिती मागवली जावी, पत्रव्यवहार ई-मेलने व्हावा, वॉरंट काढण्यापूर्वी कैद्याला नोटीस द्यावी आणि वॉरंट त्याच्या हाती पडल्यापासून फाशीपर्यंत पूर्ण पंधरा दिवस जावेत, असे हे निर्देश आहेत.

मुदत उलटल्यास हक्क संपतो का, या आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. राष्ट्रपतींचा अधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद ७२ मधून आणि राज्यपालांचा अनुच्छेद १६१ मधून येतो. साधा कायदा या अधिकारांना कात्री लावू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मारू राम प्रकरणात १९८० मध्येच स्पष्ट केले आहे. तरीही या तत्त्वाच्या भरवशावर कोणी तीस दिवस वाया घालवू नयेत, कारण उशिरा आलेला अर्ज कार्यालयाने अडवून धरला, तर तो पुढे नेण्यासाठी न्यायालयात धाव घ्यावी लागेल आणि फाशीच्या कैद्याकडे तेवढी उसंत नसते.

न्यायालयात जाण्याबाबत पोटकलम ७ चे शब्द कठोर आहेत. राष्ट्रपतींचा किंवा राज्यपालांचा आदेश अंतिम राहील, त्यावर अपील नाही आणि निर्णय कसा घेतला याची चौकशी कोणत्याही न्यायालयात होणार नाही, असे ते म्हणते. परंतु निर्णय विचार न करता, दुष्ट हेतूने, गैरलागू बाबींवर किंवा महत्त्वाची माहिती समोर न ठेवता घेतला गेला असेल, तर न्यायालय त्यात मर्यादित लक्ष घालू शकते, हे एपुरु सुधाकर प्रकरणात २००६ मध्ये ठरले आहे. आणि अवाजवी विलंब हे फाशी रद्द करण्याचे कारण असल्याचे शत्रुघ्न चौहान प्रकरणात २०१४ मध्ये. अनुच्छेद ३२ आणि २२६ खाली असलेले न्यायालयांचे अधिकार संहितेतल्या एका पोटकलमाने जात नाहीत. शिवाय पुण्याच्या प्रकरणाचा निकाल ही संहिता लागू झाल्यानंतरचा आहे.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला खुनाच्या गुन्ह्यात सोलापूरच्या सत्र न्यायालयाने २०११ मध्ये जन्मठेप दिली. आम्ही मूळचे विजयपूर जिल्ह्यातले. मुदतपूर्व सुटकेसाठी आम्ही कोणत्या सरकारकडे जावे? आणि आजवर आम्ही अर्जच केलेला नाही, त्यामुळे त्याचा विचार होणार नाही का?
— एक वाचक, अक्कलकोट

उत्तर : आपले गाव कर्नाटकात असले तरी निर्णय महाराष्ट्र सरकारनेच घ्यायचा आहे, कारण शिक्षा ज्या राज्यात सुनावली गेली त्याच राज्याचे सरकार यासाठी सक्षम ठरते. बिल्किस बानो प्रकरणात गुन्हा गुजरातमध्ये घडला होता, पण खटला मुंबईत चालला. म्हणून गुजरात सरकारने दिलेली सूट सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२४ रोजी रद्द केली.

ज्या गुन्ह्याला फाशीचीही शिक्षा आहे अशा गुन्ह्यात जन्मठेप झाली असेल, तर सरकारच्या सूट देण्याच्या अधिकारात किमान चौदा वर्षे प्रत्यक्ष तुरुंगात गेलेली असावी लागतात. कारागृहात चांगल्या वर्तनाबद्दल मिळालेले माफीचे दिवस या चौदा वर्षांत धरले जात नाहीत. चौदा वर्षे भरली की दार आपोआप उघडते, असेही नाही. शिक्षेच्या वेळी लागू असलेले धोरण पाहिले जाते, आपल्या भावाबाबत १५ मार्च २०१० च्या शासन निर्णयातील मार्गदर्शक तत्त्वे, आणि त्यांत गुन्ह्याच्या स्वरूपानुसार वेगवेगळी वर्षे ठरवलेली आहेत. विचाराच्या वेळी अधिक सवलतीचे धोरण अमलात असेल, तर त्याचा लाभ मागता येतो. शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचे मतही सरकार मागवते.

अर्ज केला नाही म्हणून मात्र घाबरू नये. राज्याचे धोरण अस्तित्वात असेल, तर पात्र कैद्याचा विचार त्याने अर्ज करण्याची वाट न पाहता सरकारनेच करायचा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १८ फेब्रुवारी २०२५ रोजी ठरवले आहे. नकार दिला, तर त्याची कारणे थोडक्यात नोंदवावी लागतात आणि तो कैद्याला कळवावा लागतो. ज्याच्या घरी लिहिणारे-वाचणारे कोणी नाही, त्याच्यासाठी हा निर्णय फार मोलाचा आहे. आपण तरीही अधीक्षकांना साध्या कागदावर पत्र द्यावे, भावाचा प्रस्ताव कोणत्या टप्प्यावर आहे ते विचारावे आणि पोच घ्यावी. नकार आला, तर कारणांची प्रत घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. तेथे वकील विनामूल्य मिळतो.

प्रश्न : राज्यपाल दयेच्या अर्जावर स्वतःच्या मनाने निर्णय घेतात का?
— एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : नाही. राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. आदेशावर नाव त्यांचे असले तरी निर्णय राज्य सरकारचा असतो. मात्र अनुच्छेद १६१ खालच्या या अधिकाराला चौदा वर्षांची अट लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये हरियाणाच्या एका प्रकरणात पुन्हा सांगितले. म्हणूनच दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळलेल्या कैद्याच्या घरच्यांनी चौदा वर्षे भरण्याची वाट न पाहता, वैद्यकीय कागदपत्रे जोडून राज्यपालांकडे अर्ज करावा.