रायझन ५ ५६००एक्स हा प्रोसेसर ओव्हरक्लॉक करताना (ठरलेल्या गतीपेक्षा वेगाने चालवताना) १.४ व्होल्ट कायम ठेवले तर चालेल का?

आपण विचारले आहे की, मूळ सेटिंगवर प्रोसेसर स्वतःच १.४५ व्होल्टपर्यंत जाताना दिसतो, मग बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये) १.४ व्होल्ट कायम ठेवून सर्व कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे स्वतंत्र भाग) ४.७ गिगाहर्ट्‌झवर चालवले तर बिघडते कुठे? हा तर्क बिनतोड वाटतो खरा. मीही एकेकाळी तोच केला होता.

१.४५ हा आकडा दिसतो तेव्हा सहसा एखाद-दुसराच कोअर काम करत असतो आणि चिपमधून वाहणारा प्रवाह कमी असतो. सहाही कोअरवर भार आला की प्रोसेसर स्वतःहून व्होल्टेज उतरवतो. आपण ते १.४ वर बांधून ठेवले की ही सोय संपते, आणि व्हिडिओ रेंडर करताना चढे व्होल्टेज, मोठा प्रवाह व उष्णता हे तिन्ही एकदम चिपच्या वाट्याला येतात. गती तीच ठेवून व्होल्टेज १.२५ वरून १.४ केले तरी गतिमान वीजवापर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे २५ टक्के वाढतो. मोठ्या प्रवाहाच्या रेट्याने चिपमधील सूक्ष्म तारांतले धातूचे अणू हळूहळू सरकतात, तर चढ्या व्होल्टेजने ट्रान्झिस्टरमधला विद्युतरोधक थर झिजतो. तापमान वाढले की दोन्ही क्रिया वेग घेतात. माझा आधीचा प्रोसेसर १.४ वर वर्षभर बिनतक्रार चालला आणि मग त्याच गतीला मधूनच बंद पडू लागला. मी मात्र महिनाभर रॅमवरच संशय घेत बसलो होतो.

‘१.४ चालते’ हा सल्ला बहुधा २०१७च्या पहिल्या रायझनच्या काळातला असावा. त्या १४ नॅनोमीटर चिपसाठी रायझन बनवणाऱ्या एएमडीने १.३५ व्होल्ट सुचवले होते आणि १.४५ पर्यंत गेल्यास आयुष्य घटू शकते, असेही सांगितले होते. आपली चिप ७ नॅनोमीटरची, म्हणजे अधिक बारीक बांधणीची आहे, म्हणून तिला जपावे लागते. तिला पूर्ण भारावर कायमचे १.३२५ हीच मी कमाल मर्यादा मानतो, आणि नाशिकमध्ये १.२५च्या पुढे जाणार नाही. आपले शहर थंड हवेचे म्हणून मिरवत असले, तरी एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, आणि खोली दहा अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच तापतो. जानेवारीत बसवलेली सेटिंग म्हणूनच मे महिन्यात पुन्हा तपासावी.

लोड-लाइन कॅलिब्रेशन (भार आला की व्होल्टेज घसरू नये म्हणून बायॉसमध्ये असलेली सेटिंग) सर्वांत कडक पातळीवर ठेवू नये, कारण भार अचानक उतरताना व्होल्टेज क्षणभर ठरवलेल्या आकड्याच्याही वर उसळते.

खरे तर या प्रोसेसरला स्थिर ओव्हरक्लॉकची गरजच नाही. बायॉसमध्ये प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह (प्रोसेसरला स्वतःहून जास्त गती घेऊ देणारी सोय) चालू करून कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये (प्रत्येक गतीला लागणारे व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या पर्यायात) सर्व कोअरना उणे १० द्यावे. तेवढ्याच गतीला व्होल्टेज कमी लागते. बायॉस जुना असल्यास हा पर्याय दिसणार नाही, तेव्हा आधी तो अद्ययावत करावा. चाचणी केवळ पूर्ण भारावर घेऊन थांबू नये: उणे आकडा जास्त झाला, तर संगणक बरेचदा रिकामा बसलेला असतानाच रीस्टार्ट होतो.