घराण्याची माहिती जपणाऱ्या आईवर लिहायचे असेल, तर तिच्या कामाची रीत लिहावी

आपण विचारले आहे की, आपल्या आईने आयुष्यभर वंशावळ आणि जुन्या माणसांच्या आठवणी टिपून ठेवल्या, आता ती नाही, आणि वर्षश्राद्धाला नातेवाइकांच्या हाती देण्यासाठी तिच्यावर एक पुस्तिका काढायची आहे, तर तिच्यात काय असावे. माझी आईही हेच काम करीत असे आणि तिच्यानंतर अशी पुस्तिका मी काढली आहे, म्हणून लिहितो. ती प्रेमळ होती, कष्टाळू होती, हे आलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. तिला जे माहीत होते ते तिने कसे मिळवले, हे मात्र घरातही फार थोड्यांना ठाऊक असते. पुस्तिकेचा मोठा भाग त्यासाठी ठेवावा, असे माझे मत आहे.

आईचे माहेर पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात होते. धरण झाले, शिवाजीसागर भरला आणि एका आळीत राहणारी भावकी ठाणे, सोलापूर आणि तेव्हाचा कुलाबा अशा लांबलांबच्या जिल्ह्यांत पांगली. गाव असते तोवर कोण कोणाचा कोण हे वेगळे लिहावे लागत नाही, कारण लग्नात, जत्रेत आणि दहाव्याला ते आपोआप उजळले जाते. ती सोय गेल्यावर तिने जोडकार्डे पाठवायला सुरुवात केली. अर्ध्या कार्डावर तिचे प्रश्न असत आणि उरलेले अर्धे उत्तरासाठी कोरे जाई. वडील मुंबईला गिरणीत होते. 1982 च्या संपानंतर घर तिच्या शिवणकामावर चालले, तरी कार्डांचे पैसे ती वेगळे ठेवी. पत्ते आम्हा मुलांकडून लिहून घेई, आणि लिहिताना प्रत्येक माणसाचे आपल्याशी नाते काय ते सांगे. आम्हाला आमची माणसे अशी ओळखीची झाली.

जन्मतारखा कोणाला सांगता येत नसत, म्हणून तिने तारीख विचारणे सोडून दिले आणि त्या सुमारास काय घडले होते ते विचारू लागली. ‘मानमोडीत आई गेली तेव्हा मी रांगत होते,’ असे एखाद्या म्हातारीने सांगितले, की 1918 च्या साथीवरून तिचे वय निघे. ‘शारदा कायदा येणार म्हणून घाईने उरकले,’ असे कोणी म्हटले, तर तो बालविवाह रोखणारा कायदा असल्याने ते लग्न 1 एप्रिल 1930 च्या थोडे आधीचे धरता येई. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपाच्या रात्री कोण पाळण्यात होते आणि कोण पोटात, यावरून तिने भावंडांचे क्रम लावले होते. जिथे पत्रिका सापडे तिथे शकात 78 मिळवून ती ताळा पाही, आणि तहसिलीत गाव नमुना 14 ची, म्हणजे जुन्या जन्ममृत्यूच्या वहीतली, नोंद मिळाली तर तीही उतरवून घेई, जरी त्या नोंदीत बाळाचे नाव नसून बापाचे नाव आणि पुढे मुलगा किंवा मुलगी एवढेच पुष्कळदा लिहिलेले असे.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते तिने बायकांसाठी केलेले काम. आपल्याकडच्या वंशावळी बापाकडून मुलाकडे उतरतात. लेक लग्नानंतर त्यांतून जाते आणि सून नुसत्या सासरच्या नावाने येते. पुष्कळ घरांत लग्नात नाव बदलण्याची रीत असल्याने एकच बाई माहेरच्या कागदात एका नावाने आणि सासरी दुसऱ्याच नावाने सापडते. आईच्या वहीत प्रत्येक सुनेपुढे माहेरचे नाव, गाव आणि आडनाव यांसाठी जागा होती, आणि लेकींची मुलेबाळेही होती. आमच्या देवघरातला एक टाक, म्हणजे पूर्वजाच्या नावाने पुजला जाणारा धातूचा पत्रा, कोणाचा हे कोणाला सांगता येत नव्हते. थोरल्या आत्यांना वारंवार विचारून तिने शोधले, की तो पणजोबांच्या पहिल्या बायकोचा आहे. ती पहिल्या बाळंतपणात गेली होती आणि वंशावळीत तिचा उल्लेखही नव्हता. आता तो आहे. ज्या बायकांचा पाट लागला होता, म्हणजे पुनर्विवाह झाला होता, त्यांच्याविषयी नंतरच्या पिढीने बोलणे बंद केले होते. आईने तेही सरळ लिहिले, आणि त्यावरून काही घरे काही काळ आमच्याशी बोलत नव्हती.

तिची आणखी एक शिस्त आपण आपल्या आईच्या वह्यांत जरूर शोधावी. प्रत्येक माहितीपुढे ती सांगणाऱ्याचे नाव लिही. दोन चुलत्या दोन गोष्टी सांगत असतील तर दोन्ही लिहून ठेवी, आणि कागद पाहिलेला नसेल तर शेजारी ‘ऐकीव’ असा शेरा मारी. पुस्तिका छापताना असले शेरे गचाळ वाटतात आणि गाळण्याचा मोह होतो, पण ते कृपा करून गाळू नयेत. आपल्या आईची सचोटी त्यांतच दिसते, आणि पुढे कोणी हे काम हाती घेतले तर त्याला कुठे पुन्हा विचारायचे हेही त्यांवरूनच कळते.

छापण्याआधी वह्यांची पाने नीट स्कॅन करून घ्यावीत आणि त्यांच्या प्रती निदान तीन वेगवेगळ्या घरांत ठेवाव्यात. मोडीतले कागद असतील तर मोडी जाणणाऱ्याकडून ते आताच वाचून घ्यावेत. घरातली जी वयस्कर माणसे आज हयात आहेत त्यांच्यापुढे मजकूर मोठ्याने वाचावा, कारण ऐकताना त्यांना दुरुस्त्याही सुचतात आणि नवी नावेही आठवतात. आम्ही प्रत्येक शाखेच्या शेवटी अर्धे पान कोरे सोडले होते आणि दुरुस्ती लिहून परत पाठवण्याची विनंती केली होती. त्यातून आलेली नावे वहीत चढवण्याचे काम सध्या माझी बहीण करते. पहिल्या पानावर आईचे सासरचे आणि माहेरचे अशी दोन्ही नावे आहेत, आणि त्यांखाली तिला ही माहिती देणाऱ्या बायकांची यादी आहे.