ब्रेक जोरात दाबला की चारही इंडिकेटर का लागतात?

पावसाळा लागल्यापासून गाडीचे दिवे आणि ब्रेक यांच्याबद्दल बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून निवडक उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : नवी गाडी घेऊन थोडेच दिवस झाले आहेत. बायपासवर मांगलियाच्या अलीकडे म्हैस आडवी आली, म्हणून कचकन ब्रेक मारला. तेव्हा चारही इंडिकेटर आपोआप भराभर लागले. मी बटणाला हातही लावला नव्हता. शहरात मात्र कितीही जोरात ब्रेक मारला तरी असं होत नाही. वायरिंगमध्ये दोष असेल का?
– एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : वायरिंग ठणठणीत आहे. या सोयीचं नाव इमर्जन्सी स्टॉप सिग्नल. मॅन्युअलमध्ये ती ‘ई.एस.एस.’ या नावाने सापडेल. तुम्ही नेहमीसारखं थांबत नसून जीव खाऊन थांबता आहात, हे मागच्याला कळावं एवढंच तिचं काम.

ती दोन अटींवर चालते. वेग ताशी ५० किमीच्या वर हवा आणि ब्रेक खरोखरच जोराचा हवा. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमांत कारसाठी याची किमान मर्यादा ६ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे, म्हणजे दर सेकंदाला वेग ताशी साधारण २२ किमीने खाली यायला हवा. ट्रक आणि बसला इतका जोर लावता येत नाही, म्हणून त्यांची मर्यादा ४ आहे. सिग्नलला आपण रोज थांबतो तेव्हा हा आकडा दोन-तीनच्या पुढे क्वचित जातो. शहरात तुमचा वेग मुळात पन्नासच्या आत असतो, त्यामुळे पेडलवर उभे राहिलात तरी दिवे लागणार नाहीत. तो बिघाड नव्हे.

उघडझाप भराभर का होते, तेही पाहू. बटण दाबून लावलेले हॅझर्ड, म्हणजे एकदम लुकलुकणारे चारही इंडिकेटर, मिनिटाला ६० ते १२० वेळा लागतात. या सोयीत दिवे सेकंदाला ३ ते ५ वेळा लागतात. ताशी १०० वरून कोरड्या डांबरावर चांगली कार साडेतीन सेकंदांत थांबते. तेवढ्यात साधे हॅझर्ड पाचेक वेळा लागतील, हे तेरा-चौदा वेळा. काही गाड्यांत इंडिकेटरऐवजी ब्रेकलाइटच असे फडफडतात आणि गाडी थांबल्यावर साधे हॅझर्ड चालू होतात. ब्रेकचा जोर २.५ च्या खाली आला की भराभर उघडझाप बंद व्हायलाच हवी, असा नियम आहे.

आता थोडं आतलं. चाकांवरचे सेन्सर वेग मोजतात, ए.बी.एस.चा (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) कंट्रोलर तो वेग किती झपाट्याने उतरतोय ते ठरवतो आणि दिवे सांभाळणाऱ्या बॉडी कंट्रोल मॉड्यूलला निरोप देतो. म्हणून डॅशबोर्डवर ए.बी.एस.चा पिवळा दिवा सतत जळत असेल, तर ही सोयही बंद आहे असं धरून चाला. पेडलपाशी ब्रेकलाइटचा छोटा स्विच असतो. तो गेला तर साधे ब्रेकलाइटसुद्धा लागत नाहीत. महिन्यातून एकदा कुणाला तरी मागे उभं करून ब्रेकलाइट, हॅझर्ड आणि दोन्ही बाजूंचे इंडिकेटर बघून घ्या. ‘ई.एस.एस.’ची परीक्षा मात्र रस्त्यावर ब्रेक मारून घेऊ नका. मागच्याने ती परीक्षा द्यायचं कबूल केलेलं नसतं.

प्रश्न : गाडीला ए.बी.एस. आहे. जोरात ब्रेक दाबला की पेडल पायाखाली थरथरतं आणि टरटर आवाज येतो. भीतीने पाय उचलला जातो. वडील म्हणतात, ब्रेक थोडा-थोडा सोडत मारावा. खरं काय?
– एक वाचक, सुदामानगर

उत्तर : वडिलांचा सल्ला त्यांच्या काळच्या गाडीसाठी बरोबर होता. ए.बी.एस. नसलेल्या गाडीचं चाक जाम झालं की स्टिअरिंग निकामी होतं, म्हणून ब्रेक सोडून पुन्हा धरावा लागे. आता तेच काम वॉल्व करतात. चाक घसरायला लागलं की त्या चाकाच्या ब्रेक ऑइलचा दाब सेकंदात कित्येक वेळा सोडतात आणि पुन्हा धरतात. तो दणका पेडलमधून तुमच्या पायाला लागतो. तुम्ही पाय उचललात की दाब जातो आणि नेमक्या हव्या असलेल्या वेळी गाडी मोकळी पुढे सरकते. अपघात टळता टळता होतात, त्यातले बरेच या उचललेल्या पायामुळे होतात असं आमचं मत आहे.

तेव्हा ब्रेक एकाच दणक्यात, पूर्ण ताकदीने दाबायचा आणि गाडी थांबेपर्यंत दाबून ठेवायचा. गिअरची गाडी असेल तर क्लचही सोबत दाबा. इंजिन बंद पडलं तर पायाचा जोर वाढवणाऱ्या ब्रेक बूस्टरचा व्हॅक्यूम एक-दोन दाबांत संपतो, पेडल दगडासारखं होतं आणि स्टिअरिंगही जड होतं. नजर अडथळ्यावर खिळवू नका, मोकळ्या जागेकडे न्या आणि स्टिअरिंग बेताने तिकडे वळवा. ए.बी.एस. आहे ते मुख्यतः या वळवण्यासाठीच. अंतर दर वेळी कमी होईलच असं नाही. सुट्या खडीवर तर उलट वाढतं.

पाय पुरा दाबला जात नाही यामागे कित्येकदा सीट असते. पेडल तळापर्यंत नेल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहायला हवा. तो सरळ ताठ होत असेल तर सीट पुढे घ्या. पायाखालची मॅट हुकात अडकवलेली हवी आणि पाण्याची बाटली ड्रायव्हरच्या बाजूला कधीही नको. ती घरंगळत ब्रेकच्या पेडलमागे गेली तर कुठलीच यंत्रणा उपयोगी पडणार नाही.

आता पाऊस. ताशी १०० ला एका सेकंदात गाडी २८ मीटर जाते, आणि भानावर येऊन पाय ब्रेकवर पडायला साधारण एवढा वेळ जातोच. पुढे कोरड्या रस्त्यावर ४८ मीटर धरले तर बेरीज ७६. ओल्या रस्त्यावर टायरची पकड कमी पडून ब्रेकचा जोर पाचवर आला, तर हीच बेरीज १०५ मीटर होते. ताशी ६० ला कोरड्यावर ३४ मीटर पुरतात.

यातली खोच बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. ओल्या रस्त्यावर गाडी ६ चा आकडा बऱ्याचदा गाठतच नाही, मग आपोआप लागणारे दिवे लागतील का? ए.बी.एस. पूर्ण चालू झालं तर तेवढ्यावरही इशारा द्यायला नियमात मुभा आहे, पण सगळ्या कंपन्यांनी ती वापरलीच असेल असं नाही. म्हणजे अंतर सगळ्यात जास्त लागतं त्याच दिवशी हा इशारा मुका राहू शकतो. पहिल्या सरींनंतर आपल्याकडे ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या चाकांबरोबर शेतातली काळी माती डांबरावर येते आणि तिचा अक्षरशः साबण होतो. अशा पट्ट्यात पुढच्या गाडीपासून निदान पाच सेकंदांचं अंतर ठेवा, कोरड्यावर तीन. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोचली की एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन असं म्हणायला लागा. तुम्ही त्याआधीच खांबापाशी पोचलात तर मागे व्हा.

टायरच्या खाचा कायद्याने १.६ मिमीपर्यंत चालतात. आमच्या मते ३ मिमीला पावसाळ्याआधी टायर बदलावेत. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला. ते हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट ४ ऑइल २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते. मग घाटात वाफ धरते आणि पेडल फुसकं होतं.

प्रश्न : खलघाटकडे जाताना घाटाच्या उतारावर किंवा बायपासवर गाडी अचानक थांबवावी लागली, तर नंतर नेमकं काय करायचं? हॅझर्ड लावून आतच बसावं का?
– एक वाचक, महू

उत्तर : आत बसू नका. पण त्याआधीचं बघू.

जोराचा ब्रेक मारून थांबलात, काही धडकलं नाही आणि गाडी चालते आहे, तर पहिली नजर मागच्या आरशात आणि लगेच गाडी तिथून हलवायची. ‘काय झालं’ बघायला लेनमध्ये उभं राहणं हा सगळ्यात मोठा धोका. बऱ्याच गाड्यांत पुन्हा वेग घेतल्यावर दिवे आपोआप बंद होतात, काहींत बटण दाबावं लागतं. तुमच्या गाडीत कसं आहे ते मॅन्युअलमध्ये आजच वाचा.

गाडी चालत नसेल किंवा धडक झाली असेल, तर वेग शिल्लक असेतोवर डावीकडे पांढऱ्या रेषेच्या बाहेर न्या. वळणाच्या लगेच पुढे किंवा चढाच्या माथ्यापलीकडे थांबू नका, शंभर मीटर पुढे घरंगळत जाता आलं तर जा. हॅझर्ड, हँडब्रेक, पहिला गिअर. उतारावर पुढची चाकं डावीकडे वळवून ठेवा, म्हणजे गाडी सुटलीच तर रस्त्यावर येणार नाही. सगळ्यांनी डाव्या दारांनी उतरायचं आणि कठड्यापलीकडे, गाडीच्या थोडं मागे उभं राहायचं. गाडीच्या पुढे उभं राहिलात तर मागून धडक बसल्यावर तीच गाडी तुमच्या अंगावर येईल.

मग लाल त्रिकोण. तो घडी उघडून छातीशी धरा आणि येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून कडेकडेने चालत जा. शहरात ५० पावलं पुरतात, हायवेवर १०० मीटरच्या खाली नको, वळण असेल तर वळणाच्या अलीकडे. ताशी १०० ने येणारा ड्रायव्हर १०० मीटर ३.६ सेकंदांत कापतो, आणि त्यातला एक सेकंद कळण्यातच जातो. घाटात ट्रकवाले दगड आणि झाडाच्या फांद्या मांडतात, ते करू नका. गाडी दुरुस्त झाली की फांद्या उचलल्या जातात, दगड तिथेच राहतात आणि रात्री दुचाकीस्वार त्यांच्यावर जातो.

हॅझर्ड किती वेळ चालेल? साध्या बल्बच्या गाडीत २१ वॉटचे चार आणि ५ वॉटचे दोन, मिळून ९४ वॉट. अर्धा वेळ ते विझलेले असतात, म्हणजे साधारण ४ अँपिअर. छोट्या गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी चार-साडेचार तासांत अर्ध्यावर येते. जुनी असेल तर दोन-तीन तासांतच स्टार्टर नकार देईल. हेडलाइट आणखी ९ अँपिअर खातात, ते बंद करून पार्किंगचे बारीक दिवे ठेवा.

एअरबॅग उघडली तर बऱ्याच गाड्यांत दारांची कुलुपं आपोआप उघडतात आणि हॅझर्ड चालू होतात. पण धडकेत बॅटरीच तुटली तर काहीच होणार नाही, म्हणून टॉर्च हवाच. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३, रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसह सगळ्यासाठी ११२.

आणि घाटाबद्दल एवढंच, की तिथे दिव्यांपेक्षा गिअर महत्त्वाचा. माथ्यावरच दुसरा-तिसरा गिअर घाला. जळका वास आला तर ब्रेक आधीच तापले आहेत.

प्रश्न : जोराच्या पावसात आणि हिवाळ्यात धुकं असताना मी हॅझर्ड लावून गाडी चालवते. मुलगा चुकीचं म्हणतो.
– एक वाचिका, देवास

उत्तर : मुलाचं बरोबर आहे. हॅझर्ड चालू असताना तुमचे वळण्याचे इंडिकेटर बहुतेक गाड्यांत दिसतच नाहीत. शिवाय मागच्याला तुमची एकच बाजू दिसत असेल तर तो समजणार, तुम्ही वळताय. आणि दहा चालत्या गाड्यांनी हॅझर्ड लावले की अकरावी उभी आहे हे कळणार कसं? धुक्यात लो-बीम, मागचा फॉग लॅम्प असेल तर तो, आणि कमी वेग. पुढे एकदम गर्दी थांबलेली दिसली तर मात्र दोन-चार सेकंद बटण जरूर दाबा.

चौकात ‘सरळ जायचंय’ म्हणून चारही दिवे लावण्याची पद्धत कुठून आली कोण जाणे. सरळ जाणाऱ्याला कुठलाही इशारा द्यावा लागत नाही.

प्रश्न : माझी गाडी २०१४ ची आहे. बाजारात ब्रेकलाइट फडफडवणारं छोटं मॉड्यूल मिळतं. ते बसवलं तर हीच सोय मिळेल ना?
– एक वाचक, तिलकनगर

उत्तर : नाही. ते मॉड्यूल ब्रेकलाइटच्या वायरवर बसतं. त्याला वेगही कळत नाही आणि ब्रेकचा जोरही. चौकात पेडलला पाय टेकला तरी फडफड, आणि मागच्याला दोन दिवसांत तिची सवय होते. शिवाय कंपनीने दिलेल्या रचनेत बदल करायला मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ ची आडकाठी आहे.

नुसते एल.ई.डी. बल्ब घातले तर दुसरी गंमत होते. वीज कमी खेचली गेल्याने फ्लॅशरला बल्ब उडाल्यासारखं वाटतं आणि इंडिकेटर दुप्पट वेगाने लागतो. त्यावर बसवतात तो रेझिस्टर चांगलाच तापतो. तो प्लास्टिकला टेकवून ठेवलेला आम्ही पाहिला आहे. पैसे टायर आणि ब्रेक ऑइलवर घाला. तुमच्या गाडीत ए.बी.एस. आहे का तेही बघा, कारण सगळ्या नव्या कारना ते एप्रिल २०१९ पासून सक्तीचं झालं. चावी फिरवल्यावर पिवळा दिवा क्षणभर लागून विझायला हवा. लागतच नसेल तर वरच्या पत्रातलं वडिलांच्या काळचं तंत्र, म्हणजे ब्रेक थोडा-थोडा सोडत मारणं, तुमच्या गाडीला लागू आहे.

प्रश्न : मोटारसायकललाही हॅझर्डचं बटण आहे. कधी वापरावं?
– एक वाचक, विजयनगर

उत्तर : गाडी कडेला उभी असताना. चालत्या मोटारसायकलवर दोन्ही इंडिकेटर इतके जवळ असतात, की लांबून एकच दिवा लुकलुकल्यासारखा वाटतो. अचानक थांबताना हात बटणाकडे नेऊ नका, दोन्ही ब्रेकवरच ठेवा.