अर्थपूर्ण फोटो म्हणजे नक्की काय, आणि तो आधी कुणाला दाखवायचा?

तुम्ही लिहिलंय की तीन वर्षांपूर्वी हौसेनं कॅमेरा घेतला. गडकिल्ले झाले, सूर्यास्त झाले, फुलपाखरं झाली. फोटो टाकले की लोक अंगठे देतात आणि आठवड्याभरात तो फोटो तुमच्याही लक्षात राहत नाही. म्हणून तुम्ही विचारताय की ज्याला काही अर्थ आहे असा फोटो कसा काढायचा आणि तो लोकांपर्यंत कसा न्यायचा.

मी पुण्यात एका शाळेत चित्रकला शिकवते आणि २०१६ पासून आषाढी वारीत फोटो काढते. माझं उत्तर एका ओळीचं आहे: ज्याचा फोटो काढलात त्याच्या हातात तो कागदावर छापून द्या, सगळ्यात आधी त्याला. मी हे करायला लागले आणि माझे फोटोच बदलले. ते कसे, ते जरा सविस्तर सांगते.

पहिल्या वर्षी मीही सगळे जातात तिथेच गेले, दिवे घाटात. पुण्याचा मुक्काम हलवून ज्ञानेश्वर माउलींची पालखी सासवडकडे निघते तेव्हा घाटाची वळणं पांढऱ्या टोप्यांनी आणि भगव्या पताकांनी भरून जातात. समोरच्या उतारावर लांब लेन्स लावून बसलेल्यांची रांग असते. त्या रांगेत मी बसले, फोटो चांगला आला. त्याच दिवशी अगदी तसाच फोटो आणखी कितीतरी जणांना चांगला आला असणार. घाट देखणा दिसतोच, पण एवढ्या लांबून माणूस म्हणजे एक पांढरा ठिपका असतो. ठिपक्याला फोटो कसा नेऊन देणार?

दुसऱ्या वर्षी ५० एमएमची एकच लेन्स घेतली आणि सासवडपासून लोणंदपर्यंत चालले. वाल्ह्याच्या मुक्कामी एका तंबूच्या दोरीवर ओली लुगडी वाळत होती. त्याच्या पुढ्यात एक आजी डोक्यावरचं तुळशीवृंदावन उतरवून, त्यावर बसलेली धूळ पदराच्या टोकानं निपटून काढत होत्या. "माउली, फोटो काढू का?" म्हटलं. "काढ की," म्हणाल्या आणि पुन्हा धूळ पुसायला लागल्या. मी लेन्सचं ॲपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं छिद्र, पार एफ १.८ पर्यंत उघडलं. आजी आणि तुळस तेवढी स्वच्छ दिसावी, मागची सगळी गर्दी विरघळून जावी, असा विचार. मग त्यांना मागची स्क्रीन दाखवली. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "ह्यो माझ्याकडं कधी यायचा?"

मी काहीच बोलले नाही. आजीच म्हणाल्या, "लई जणांनी काढून नेले, बाई. एक बी माघारी आला न्हाई."

आवाजात तक्रार नव्हती. यंदा पेरलेलं उगवलं नाही, असं सांगावं तितकं ते साधं होतं. मी पत्ता विचारला. त्यांनी गावाचं नाव सांगितलं, परभणीकडचं, आणि पुढे म्हणाल्या, "पर गावाकडं कशाला येती? हितंच ये की. आमी रथामागं." आणि दिंडीचा नंबर सांगितला.

वारी जवळून न पाहिलेल्यांसाठी सांगते. माउलींच्या रथापुढे २७ दिंड्या चालतात आणि बाकीच्या रथामागे. प्रत्येकीचा क्रम ठरलेला. पुढच्या वर्षी तीच दिंडी त्याच जागी चालते. मुक्कामाच्या गावी ट्रकवर नंबराची पाटी असते, स्वयंपाकाची चूल पेटलेली असते, आणि कुणालाही विचारलं तरी बोट दाखवून सांगतात. लाखोंच्या गर्दीत माणूस सापडणार कसा, असं मला वाटत होतं. पण शहरातल्या सोसायटीत शेजारचा जितका सापडत नाही तितका वारीतला वारकरी सापडतो.

२०१८ ला मी ३२ प्रिंट घेऊन गेले. आजी तंबूत भाकरी खात बसल्या होत्या. मला ओळखलं नाही, फोटो ओळखला. हात लुगड्याला पुसून त्यांनी तो दोन्ही हातांत धरला. मला वाटलं, आता स्वतःचा चेहरा बघतील, तुळस बघतील. त्यांनी अंगठा नेला डाव्या कोपऱ्यावर. तिथे मागे एक धुरकट आकार होता. त्यावर त्यांनी नख घासलं, एकदा, दोनदा, कागदावर काहीतरी सांडलंय आणि पुसलं की निघेल अशा बेतानं.

"हिचं असं का झालं?"

ती त्यांची जोडीदारीण होती. एकाच गल्लीतली, पंधरा वाऱ्या दोघींनी बरोबर केलेल्या, चालताना एकमेकींची पिशवी धरणाऱ्या. त्या साली संक्रांतीनंतर ती गेली. आधार कार्डावरचा सोडला तर तिचा फोटो कुणाकडे नव्हता. आणि माझ्या फोटोत ती होती, आजींच्या मागे दोन पावलांवर, मी जाणूनबुजून विरघळवून टाकलेली. डायलच्या दोन-तीन टिचक्यांत मी ठरवून टाकलं होतं की या चित्रात महत्त्वाचं कोण आणि गर्दी कोण.

घरी आल्यावर जुनी हार्ड डिस्क काढली. त्या दिवशीचे आजींचे ९ फोटो होते. सातव्यात फोकस घसरून मागे गेला होता. आजी धूसर, आणि मागे ती बाई लख्ख, पदराचं टोक दातात धरून हसू दाबत असलेली, आजीकडे बघणारी. निवड करताना मी त्या फोटोवर लाल खूण केली होती. माझ्याकडे लाल खूण म्हणजे टाकाऊ. डिस्कवर जागा होती म्हणून तो पुसायचा राहिला, एवढंच. २०१९ ला तो छापून नेला. आजींनी तो कपाळाला लावला आणि आत ठेवून दिला. माझ्याशी फार काही बोलल्या नाहीत. भाकरी मात्र खायला लावली.

त्यानंतर मी फोटो काढायची पद्धत बदलली. आता ॲपर्चर लहान करून एफ ५.६ किंवा एफ ८ वर काढते, म्हणजे मागची दोन-चार माणसंही ओळखू येतात. ज्येष्ठ-आषाढातल्या ढगाळ उजेडात त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, वाढवावी लागते, फोटोत थोडा रवा येतो, म्हणजे बारीक ठिपके. चार बाय सहाच्या कागदावर तो दिसतसुद्धा नाही. पांढऱ्या कपड्यांच्या गर्दीत कॅमेरा फसतो, उजेड जास्त आहे असं समजून फोटो अंधारा करतो आणि उन्हात रापलेले चेहरे काळे पडतात. म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायची सोय, अधिक एकच्या आसपास ठेवते. टोपी थोडी जास्त पांढरी झाली तर होऊ दे, डोळे दिसले पाहिजेत. आणि बटण दाबायच्या आधी बघते की कोण कुणाच्या शेजारी उभं आहे, कुणाचा हात कुणाच्या खांद्यावर आहे. शक्य झालं तर विचारतेही, "बरोबर कोण आहे?" या एका प्रश्नानं फ्रेमच्या कडा बदलतात.

तुम्ही अर्थाबद्दल विचारलंत, तर मला तो असा उमगला. फोटोत काय महत्त्वाचं हे मी एकटीनं ठरवायचं नसतं, आणि मी काय चुकले हे फोटोतल्या माणसाच्या बोटावरूनच कळतं. अंगठ्यांच्या आकड्यावरून ते मला कधीही कळलं नसतं.

२०१९ च्या वारीतले ४१ प्रिंट मी त्याच हिवाळ्यात छापून तयार ठेवले होते. २०२० ला कोरोनामुळे पायी वारी झाली नाही, पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. २०२१ लाही एसटीच. दोन वर्षं ते पाकीट माझ्या कपाटात होतं आणि दार उघडलं की नजर त्यावर जायची. २०२२ ला पायी वारी पुन्हा सुरू झाली तेव्हा ४१ पैकी २६ जण भेटले. काहींचे प्रिंट दिंडीतल्या लोकांनी "घरी पोचवतो" म्हणून नेले. काहींबद्दल विचारल्यावर समोरचा माणूस नुसती मान हलवायचा.

आजी नव्हत्या. त्यांची तुळस सुनेच्या डोक्यावर होती. मी कोण ते सांगितल्यावर तिनं तुळस खाली ठेवली, पिशवीतून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि उलगडलं. तो सातवा फोटो. कडा मऊ पडलेल्या. "सासूबाईंनी देवघरात ठिवला हुता. पुढच्या वारीला ह्यो संगं घ्या म्हनल्या. दोगी हायेत त्यात." फोटोत सासूबाई धूसर आहेत, हे तिला खटकलं नव्हतं. मीही त्याबद्दल काही म्हटलं नाही. तो फोटो त्या वर्षी पंढरपूरला गेला.

आता जगाला दाखवण्याबद्दल. दाखवते, आणि दाखवावं असंच माझं मत आहे. छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो काढले, ते लोकांसमोर मांडले, म्हणून आपल्यासारख्यांना मॅनहोलमध्ये उतरणाऱ्या माणसाकडे बघणं भाग पडलं. त्यांना २०१६ ला पद्मश्री मिळाली, पण मी त्यांचं नाव घेते ते त्याच माणसांकडे वर्षानुवर्षं पुन्हा जाण्यासाठी. असे फोटो फक्त त्या माणसांच्या घरात राहिले तर अर्धंच काम होतं. माझा क्रम एवढाच की आधी प्रिंट, मग परवानगी, मग बाकीचे लोक. परवानगी मी दुसऱ्या भेटीत विचारते, फोटो त्यांच्या हातात असताना. पहिल्या भेटीत माणूस भिडेखातर "हो" म्हणतो. हातात फोटो असला की त्याला कळतं आपण कशाला हो म्हणतोय. दोन बायांनी मला नाही म्हटलंय. त्यातला एक फोटो माझ्या सगळ्या कामात उजवा आहे. तो मी कुठेही टाकलेला नाही, टाकणारही नाही.

आणि काही फोटो काढायचेच नसतात. पहाटे टँकरखाली उघड्यावर आंघोळ करणाऱ्या बायांचे फोटो दरवर्षी फिरताना दिसतात. त्यांच्याकडे आडोसा नाही, याचा आपण फायदा घेतो. हे मला अजिबात पटत नाही आणि यात मी वाद घालत नाही.

शाळेत मी दर ऑगस्टमध्ये व्हरांड्यात दोऱ्या बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी फोटो लावते, खाली नाव, गाव आणि त्या क्षणी काय चाललं होतं त्याची एक ओळ. मुलं ती ओळ आधी वाचतात आणि मग फोटोकडे बघतात. फोन बघताना याच मुलांचा अंगठा कुठे थांबत नाही.

तुम्हाला वारीतच जायला हवं असं नाही. जिथे तुम्ही पुन्हा जाणार आहात अशी एक जागा निवडा: मंडई, रिक्षास्टँड, आजोळचं गाव, तालीम. दहा माणसांचे फोटो काढा आणि महिन्याभरात छापून द्या. लॅबमध्ये चार बाय सहाचे छापा. घरच्या इंकजेटवरचे प्रिंट पाण्यानं ओघळू शकतात. फोन चार बाय तीनच्या मापात फोटो काढत असेल तर लॅबवाल्याला कडा कापू नका म्हणून बजावा, नाहीतर आडव्या फोटोत डोकी तरी जातात नाहीतर पाय, आणि उभ्या फोटोत कडेची माणसं. पाठीवर पेननं लिहू नका, शाई खालच्या फोटोच्या तोंडावर उमटते. मी छोटं स्टिकर लावते आणि त्यावर नाव, गाव, साल. बिघडलेली फ्रेम लगेच खोडू नका. आणि पहिले दहा देऊन झाले की कुणी फोटोत कुठे बोट ठेवलं, ते मला नक्की कळवा.